शासकीय माहिती : वेळेवर कशी मिळवावी?

शासन नोकरभरती करते, शिष्यवृत्त्या देते, दुष्काळात सवलती जाहीर करते, वादळ-पावसाचे इशारे देते. परंतु ही माहिती ज्यांच्यासाठी असते त्यांच्यापर्यंत ती वेळेवर पोहोचत नाही, ही आपल्या समाजाची फार जुनी तक्रार आहे. तक्रार खरी आहे. पूर्वी माहितीच मिळत नसे. आज मात्र परिस्थिती बदलली आहे. मोबाईलवर दिवसभरात इतकी माहिती येऊन आदळते की तीतली खरी कोणती, जुनी कोणती आणि आपल्या उपयोगाची कोणती हेच समजत नाही. म्हणजे माहितीचा तुटवडा गेला, पण मुदत चुकण्याचे दुखणे तसेच राहिले.

याचे मुख्य कारण असे की, आपण माहिती चौथ्या-पाचव्या हाताने घेतो. कोणीतरी कोणाला पाठवलेले, त्याने पुढे ढकललेले, शेवटी आपल्याला मिळालेले असे तिचे स्वरूप असते. या प्रवासात दोन गोष्टी हमखास गळून पडतात. एक म्हणजे माहिती मुळात कोणी दिली ते नाव आणि दुसरी म्हणजे तिची तारीख. शासनाच्या प्रत्येक माहितीला मूळ ठिकाण असते आणि मुदत असते. ही दोन कळली तर माहिती हाती आली असे म्हणावे, एरवी ती केवळ चर्चा होय. नोकरी, हवामान आणि सार्वजनिक कारभार या तीन बाबतींत ही दोन्ही कशी शोधावीत हे विद्यार्थ्यांसाठी व सभासदांसाठी या लेखात मांडले आहे.

सिन्नरला हा विषय नवा नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नर येथे महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत भरली होती. मुंबई सरकारने वतनी जमिनींवर लादलेल्या वाढीव आकारणीचा निषेध करण्यासाठी ती होती. आकारणीचा हुकूम सरकारी कागदावर निघतो आणि त्याचा भार कसणाऱ्याच्या अंगावर पडतो. हुकूम काय आहे आणि तो कोणाला लागू आहे हे कळल्याशिवाय त्याविरुद्ध अर्जही करता येत नाही आणि परिषदही भरवता येत नाही. ज्या गावात ही परिषद झाली, त्या गावच्या मुलांनी सरकारी कागद वाचायला संकोचू नये.

१. नोकरीची माहिती

आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला 'एम्प्लॉयमेंटचे कार्ड' चांगले आठवत असेल. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, १९४५ मध्ये, सैन्यातून परतणाऱ्यांना काम मिळावे म्हणून केंद्राच्या मजूर खात्याखाली पुनर्वसन व रोजगाराचे महासंचालनालय स्थापन झाले आणि त्यातून देशभर सेवायोजन कार्यालयांचे जाळे उभे राहिले. त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे १९५९ च्या कायद्याने सरकारी कार्यालये आणि २५ किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेले खाजगी कारखाने यांनी आपल्याकडील रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक झाले. कार्यालयातून नाव जायचे, मग घरी कॉल यायचा. त्यामुळे नाव नोंदवून वाट पाहायची, अशी सवय लागली.

ही सवय आज घातक ठरते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात असे सांगितले की, केवळ सेवायोजन कार्यालयाकडून आलेल्या नावांतूनच निवड करणे पुरेसे नाही. जागा कार्यालयाला कळवाव्यात, त्याबरोबर मोठ्या खपाच्या वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी, कार्यालयाच्या सूचना फलकावर लावावी, आकाशवाणी, दूरदर्शन व रोजगारविषयक पत्रांतूनही जाहीर करावी आणि जे अर्ज करतील त्या सर्वांचा विचार व्हावा. या निर्णयाने दार सर्वांना उघडे झाले. पण त्याबरोबर जबाबदारीही उमेदवारावर आली. आता घरी कॉल येत नाही, जाहिरात आपणच शोधावी लागते. १९५९ चा कायदाही पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आला. जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयाचे नाव बदलून ते कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झाले असून नोंदणी 'महास्वयम्' या शासकीय संकेतस्थळावर होते. तेथे नाव अवश्य नोंदवावे. रोजगार मेळाव्यांची माहिती त्यामुळे मिळते. परंतु नाव नोंदवले म्हणजे काम झाले, असे समजू नये.

मग जाहिरात मुळात कोठे निघते? राज्याच्या राजपत्रित व इतर अनेक पदांसाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर, केंद्राच्या वरिष्ठ सेवांसाठी संघ लोकसेवा आयोगाच्या, केंद्रीय कार्यालयांतील कारकून व तत्सम पदांसाठी कर्मचारी निवड आयोगाच्या आणि रेल्वेसाठी रेल्वे भरती मंडळाच्या संकेतस्थळावर. जिल्हा परिषद, पोलीस, महसूल या खात्यांची भरती त्या त्या खात्याच्या किंवा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर येते. नाशिकरोडचे भारत प्रतिभूती मुद्रणालय व चलार्थपत्र मुद्रणालय, ओझरचा विमान कारखाना ही केंद्राची आस्थापने सिन्नरपासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्या जाहिराती त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर असतात. आपल्याकडील मुले अनेकदा मुंबई-पुण्याच्या जाहिराती पाहतात आणि शेजारच्या पाहत नाहीत.

इंटरनेटशिवाय माहिती हवी असेल तर केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाचे 'रोजगार समाचार' हे साप्ताहिक आहे. ते १९७६ पासून निघते आणि हिंदी, इंग्रजी व उर्दू या भाषांत उपलब्ध आहे. त्यात केंद्रीय भरतीच्या जाहिराती एकत्र मिळतात. एका अंकाचा खर्च चार मुलांनी मिळून केला तरी चालण्यासारखा आहे.

जाहिरात मिळाल्यावर ती पूर्ण वाचावी. बहुतेक उमेदवार जागांची संख्या व पगार पाहतात आणि कॅफेवाल्याला अर्ज भरायला सांगतात. खरे पाहता पाच गोष्टी आधी वहीत उतरवून घ्याव्यात. पहिली, जाहिरात क्रमांक व दिनांक. दुसरी, अर्ज आणि शुल्क भरण्याची शेवटची तारीख. या दोन तारखा कधी कधी वेगळ्या असतात. तिसरी, वय कोणत्या दिनांकास मोजले जाणार. राज्य सेवेत सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे ही कमाल मर्यादा असते. एका दिवसाच्या फरकाने उमेदवार कायमचा बाहेर जाऊ शकतो. चौथी, शैक्षणिक पात्रता कोणत्या दिनांकापर्यंत पूर्ण असली पाहिजे. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायचा असेल तर हे कलम फार महत्त्वाचे आहे. पाचवी, कोणते दाखले कोणत्या नमुन्यात व कोणत्या दिनांकापर्यंतचे हवेत. अर्जाला पैसाही लागतो. २०२३ च्या तलाठी भरतीत मागासवर्गीय उमेदवारांना ९०० रुपये परीक्षा शुल्क होते. मजुरी करणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. त्यामुळे पात्रता न तपासता अर्ज भरणे हेही नुकसानच आहे.

पदांची नावे बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. २०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवकाचे 'ग्रामपंचायत अधिकारी' असे करण्यात आले. जो फक्त जुन्या नावाने जाहिरात शोधेल त्याच्या नजरेतून नवी जाहिरात सुटू शकते.

दाखले जाहिरातीच्या आधी काढावेत

जाहिरातीची मुदत साधारण तीन आठवडे असते. दाखल्यांना त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून जाहिरात आल्यावर दाखला काढायला धावणाऱ्याची मुदत बहुधा चुकते. बौद्ध उमेदवारांच्या बाबतीत हा मुद्दा नीट समजून घेणे जरूर आहे. धर्मांतरानंतर महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना राज्यात सवलती चालू ठेवल्या, परंतु केंद्राच्या सेवांत ते अनुसूचित जातींच्या सवलतींपासून दूर राहिले होते. १९९० मध्ये संसदेने अनुसूचित जातीविषयक राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती केली आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही त्या सवलती मिळू लागल्या. तेव्हा केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राने ठरवलेल्या नमुन्यातील दाखला वेगळा काढून ठेवावा. राज्याचा दाखला आहे म्हणून स्वस्थ बसू नये.

दुसरी बाब जात पडताळणीची. महाराष्ट्रात जातीचा दाखला देणे व त्याची पडताळणी करणे यासाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा राखीव जागेवरील प्रवेश असो किंवा राखीव पदावरील निवड असो, वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. त्यासाठी आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा गाव दप्तरातील जन्म-मृत्यूची जुनी नोंद शोधावी लागते. बिडी वळून किंवा मजुरी करून जगलेल्या घरांत असे कागद सहसा नसतात. ते शाळेत आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात सापडतात आणि सापडायला दिवस लागतात. म्हणून अकरावीत प्रवेश घेतला की याच कामाला लागावे. घरातील एकाला वैधता मिळाली असेल तर वडिलांकडील भाऊबंदांचे काम त्या आधारावर सुकर होते. म्हणून ते प्रमाणपत्र कपाटात कुलूपबंद न ठेवता त्याच्या झेरॉक्स प्रती भाऊबंदांत द्याव्यात.

सरकारी नोकरी सर्वांनाच मिळणार नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. माळेगावची औद्योगिक वसाहत आणि मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आपल्या दाराशी आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. या जागा केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी संकेतस्थळावर दिसतात व आय.टी.आय.मध्येही कळतात. या उमेदवारीचे प्रमाणपत्र पुढे अनेक ठिकाणी कामी येते.

२. हवामानाची माहिती

हवामान हा फक्त शेतकऱ्याचा विषय आहे, असा गैरसमज आहे. बांधकामावर जाणारा मजूर, नदीकाठी राहणारे कुटुंब, परीक्षेला एस.टी.ने नाशिकला जाणारा विद्यार्थी या सर्वांचा तो विषय आहे. सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला सिन्नरमध्ये एका रात्रीत एवढा पाऊस झाला की सरस्वती व देव नद्यांना पूर येऊन काठावरच्या वस्तीत पाणी शिरले. पर्जन्यछायेत मोडणाऱ्या आपल्या तालुक्यात पुराची भीती नाही, हा समज त्या रात्री चुकीचा ठरला.

भारतीय हवामान खाते १८७५ पासून काम करते. महाराष्ट्राचे जिल्हावार अंदाज व इशारे खात्याच्या मुंबई येथील प्रादेशिक केंद्रातून निघतात. इशाऱ्याला चार रंग आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे 'मुसळधार', त्यापुढे २०४.४ मिलिमीटरपर्यंत 'अति मुसळधार' आणि त्याहून अधिक म्हणजे 'अत्यंत मुसळधार'. बातमीत आलेला शब्द नुसता भारदस्त नसतो, त्यामागे असे मोजमाप असते.

हवामानाच्या माहितीची मुदत सर्वांत कमी असते. पाच दिवसांचा अंदाज पेरणी-फवारणीच्या बेतासाठी ठीक असतो. वीज व वादळाचा तात्कालिक इशारा जेमतेम तीन तासांचा असतो. कालचा नारिंगी इशारा आज पुढे पाठवणे म्हणजे शेजाऱ्याला विनाकारण घाबरवणे होय. आणि दोन-तीनदा असे झाले की खरा इशारा आल्यावर कोणी लक्ष देत नाही. म्हणून इशारा पुढे पाठवताना दिनांक, वेळ आणि जिल्हा वाचूनच पाठवावा.

माहिती मिळण्याची साधने पुढीलप्रमाणे आहेत. हवामान खात्याचे 'मौसम' हे मोबाईल ॲप २०२० पासून आहे. शेतीसाठी 'मेघदूत' हे ॲप २०१९ मध्ये सुरू झाले असून त्यात मराठीतून जिल्ह्याचा कृषी सल्ला मिळतो. हा सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आहे. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनामूल्य क्रमांक लावावा. सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मराठीत उत्तर मिळते. आपत्तीच्या वेळी जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्याही विसरू नयेत. लाईट गेली आणि मोबाईलची रेंज गेली तरी बॅटरीवरचा रेडिओ चालतो.

पडून गेलेल्या पावसाची माहितीही तितकीच उपयोगाची असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कृषी विभागाच्या 'महारेन' या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि महसूल मंडळवार पावसाचे आकडे रोज मिळतात. २४ तासांत मंडळात ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तर शासन तो अतिवृष्टी मानते आणि पंचनाम्याचा प्रश्न तेथून सुरू होतो. पांढुर्लीकडचा पाऊस आणि वावीकडचा पाऊस एक नसतो. म्हणून आपले गाव कोणत्या मंडळात येते हे प्रत्येक घराला पाठ असावे. पीकविम्याच्या बाबतीतही वर्ष पाहूनच बोलावे. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा सुरू केला होता, २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. ज्या हंगामात स्थानिक आपत्तीचे संरक्षण योजनेत असते, त्या हंगामात नुकसान ७२ तासांच्या आत कळवावे लागते. जुन्या हंगामाचा नियम नव्या हंगामाला लावला तर हाती काहीच येत नाही.

३. शासन निर्णय आणि सार्वजनिक कारभार

हवामान आणि सरकारी कारभार यांची गाठ कशी पडते याचे उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला. पाऊस, भूजल, जमिनीतील ओलावा आणि पिकांची स्थिती यांचे निकष तपासून शासनाने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, सिन्नर व येवला हे तीन तालुके त्यात होते. 'सिन्नर दुष्काळग्रस्त' ही बातमी सर्वांनी वाचली. पण शासन निर्णयात त्यापुढे सवलतींची यादी होती. ती अशी : जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषी पंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत शिथिलता, जरूर तेथे टँकर आणि पंपांची वीजजोडणी न तोडणे.

या यादीतील बहुतेक सवलती जमीनधारकांच्या आहेत. ज्यांना जमीन नाही अशा घरांना त्यातून थेट लागू होणारी बाब कोणती? परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीचे काम आणि टँकर. परंतु दुष्काळ म्हटला की शेतकऱ्यांचा विषय, असे समजून आपण पान उलटतो. ज्या विद्यार्थ्याने शुल्क आधीच भरले असेल त्याचा प्रश्न परताव्याचा असतो आणि परताव्यासाठी शाळेला बँक खात्याचा तपशील वेळेत द्यावा लागतो. ज्याने निर्णय वाचला तो मुख्याध्यापकांकडे जाऊन विचारू शकतो. ज्याने फक्त बातमी ऐकली त्याला विचारायचे काय हेच सुचत नाही. बातमी आणि शासन निर्णय यांतला फरक तो हाच.

शासन निर्णय, ज्याला सर्वजण 'जी.आर.' म्हणतात, महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार व दिनांकवार विनामूल्य मिळतात. प्रत्येक निर्णयावर विभागाचे नाव, क्रमांक, दिनांक आणि सांकेतांक नावाचा लांब आकडा असतो. त्या आकड्यात वर्ष, महिना व दिवस गुंफलेला असतो. तो संकेतस्थळावर टाकला की निर्णय उघडतो. निर्णय वाचताना प्रस्तावना लांब असेल तर थेट 'शासन निर्णय' या शीर्षकाखालचा मजकूर वाचावा आणि 'कोणाला लागू', 'कधीपासून', 'अर्ज कोणाकडे' या तीन गोष्टींवर खूण करावी. कायदे व नियमांच्या अधिसूचना शासन राजपत्रात येतात. योजनांची सोप्या भाषेतील माहिती शासनाच्या 'लोकराज्य' मासिकात मिळते.

विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे अशा काही योजना आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 'महाडीबीटी' संकेतस्थळावरून मिळते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. स्पर्धा परीक्षांच्या विनामूल्य प्रशिक्षणाच्या जाहिराती पुण्याची 'बार्टी' ही संस्था काढते. सिन्नरमध्ये बिडी वळणारी अनेक कुटुंबे आहेत. बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती असून तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर भरावा लागतो. त्यासाठी आई किंवा वडिलांचे बिडी कामगार ओळखपत्र लागते. यांपैकी प्रत्येकाची मुदत वेगळी असते आणि ती दरवर्षी नव्याने जाहीर होते. गेल्या वर्षीची तारीख धरून चालू नये.

माहिती प्रसिद्ध झाली नसेल तर मागता येते. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून देशात पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्रात त्याआधी २००२ चा राज्याचा कायदा होता. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपली कामे, अधिकारी, खर्च, लाभार्थी यांची १७ बाबींची माहिती मागणी नसतानाही स्वतः होऊन प्रसिद्ध करायची आहे. तेव्हा पंचायत समितीत किंवा नगरपरिषदेत गेल्यावर 'कलम ४ ची माहिती कोठे आहे?' असे नम्रपणे विचारावे. तेवढ्याने काम झाले नाही तर १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. गावातील सभासदांसाठी ग्रामसभा हे आणखी जवळचे ठिकाण आहे. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन व गांधी जयंती या सुमारास ग्रामसभा भरतात. तेथे लाभार्थ्यांची यादी वाचली जात असताना आपण हजर असणे हेच महत्त्वाचे.

४. खरी आणि खोटी माहिती

बेकारी जेथे असते तेथे फसवणूक येतेच. खोट्या भरतीच्या जाहिराती, बनावट शासन निर्णय, 'पैसे भरा, ऑर्डर घ्या' म्हणणारे दलाल यांपासून सावध राहावे. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता बहुधा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा संपतो. नावात 'सरकारी', 'महा', 'भरती' असे शब्द असले म्हणून संकेतस्थळ शासनाचे होत नाही. खाजगी संकेतस्थळे व वर्गचालक जाहिरातींची माहिती देतात. त्यांचा उपयोग सुगावा लागण्यापुरता करावा, खात्री मात्र मूळ जाहिरातीवरूनच करावी. केंद्र सरकारच्या नावाने फिरणाऱ्या संशयास्पद मजकुराची शहानिशा पत्र सूचना कार्यालयाचा तथ्य तपासणी विभाग करतो. तो २०१९ पासून कार्यरत आहे. परीक्षा शुल्काशिवाय कोणी खाजगी खात्यात पैसे मागितले तर तेथेच थांबावे आणि घरच्या मोठ्या माणसांना सांगावे.

५. मंडळाने काय करावे?

वरील सर्व एकट्या विद्यार्थ्याने करावे, ही अपेक्षा फार होईल. ज्याच्या घरी कोणी शिकलेले नाही त्याला जाहिरातीची भाषाच परकी वाटते. येथे संस्थेचे काम सुरू होते. त्याला मोठा निधी लागत नाही. विहाराच्या किंवा वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर एक माहिती फलक लावावा. त्याचे तीन भाग करावेत : नोकरी व शिक्षण, हवामान, शासन निर्णय व सभा. प्रत्येक नोंदीत चारच गोष्टी लिहाव्यात. माहिती काय आहे, मुळात कोणी दिली, शेवटची तारीख कोणती आणि अधिक विचारायचे तर कोणाकडे. मुदत संपलेली नोंद त्याच दिवशी पुसावी. ज्या फलकावर जुन्या जाहिराती लटकत असतात त्याकडे काही दिवसांनी कोणी पाहत नाही.

कामाची वाटणी अशी करता येईल. महाविद्यालयात जाणाऱ्या दोन मुला-मुलींनी दर शनिवारी आयोगांची संकेतस्थळे व रोजगार समाचार पाहावा. एकाने मंगळवारी व शुक्रवारी हवामानाचा सल्ला फलकावर उतरवावा. सेवेत असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या एका सभासदाने महिन्यातून दोनदा शासन निर्णय चाळावेत व समाजाच्या उपयोगाचे बाजूला काढावेत. सरकारी भाषा समजावून सांगणे हे दान पैशाच्या दानाइतकेच मोलाचे आहे. ज्यांना वाचता येत नाही अशा आयाबहिणींसाठी पौर्णिमेच्या किंवा रविवारच्या सभेत पाच मिनिटे फलकाचे वाचन करावे. वर्षातून एकदा, शक्यतो जून महिन्यात, दाखल्यांची तपासणी ठेवावी आणि अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुलाच्या फाईलमध्ये काय आहे व काय नाही ते पाहावे.

व्हॉट्सॲपच्या गटातही हाच नियम लावावा. तारीख नसलेली आणि मूळ ठिकाण नसलेली माहिती गटात टाकू नये. कोणी टाकली तर न रागावता 'तारीख कोणती?' एवढेच विचारावे. हा प्रश्न दहा वेळा विचारला की अकराव्या वेळी लोक आपणहून तारीख पाहून पाठवू लागतात.

समाजातील सुशिक्षितांची संख्या गेल्या दोन पिढ्यांत वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पदवी असून जाहिरात चुकली, गुण असून वैधता प्रमाणपत्र नव्हते, हक्क असून अर्ज राहिला असे होता कामा नये. या गोष्टींत पैशाची अडचण थोडी असते, लक्ष देण्याची अडचण अधिक असते. सभासद बंधू-भगिनींनी येत्या महिन्यात फलक उभा करावा, विद्यार्थ्यांनी आजच आपली दाखल्यांची फाईल काढून तीत काय कमी आहे ते लिहून ठेवावे, एवढीच विनंती.